वाचकांचे प्रश्न : परवडणारी भाड्याची खोली गोव्यात मिळते तरी कुठे?

या वेळी पत्रांमध्ये घरभाड्याचीच रड जास्त, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, मी मूळ वाळपईची, पणजीत एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, हातात २२ हजार येतात. ताळगावात मैत्रिणीबरोबर वन बीएचके घेतला होता, आता तिचं लग्न ठरलं आणि साडेबारा हजार भाडं एकटीने कसं भरायचं तेच कळत नाही. सरकार स्वस्तात भाड्याने घरं देतं म्हणे, अर्ज कुठे करायचा? रोज घरून येणं-जाणं जमणार नाही, नाईट ड्युटी असते.

उत्तर : तू जे ऐकलंयस ते बहुतेक पीएम आवास शहरी योजनेबद्दल असणार. १ सप्टेंबर २०२४ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे आणि त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक वेगळा भाग खरंच आहे, नोकरदार बायका, कामगार, विद्यार्थी सगळे त्यात धरलेत. पण त्यात तुझ्या हातात भाड्याचे पैसे कोणी देत नाही, सरकारी पैशातून बांधलेली रिकामी घरं भाड्याला काढायची किंवा एखाद्या कंपनीने, संस्थेने नवीन बांधून चालवायची अशी ती पद्धत, म्हणजे आधी तुझ्या शहरात तशी इमारत उभी असली पाहिजे, मग तुझा नंबर. पालिकेत एकदा विचारून ठेव, पण त्यावर विसंबून ताळगावची खोली सोडू नकोस. हाउसिंग बोर्डाचं पण लोक सांगतील. पर्वरी, म्हापशाची गणेशपुरी, मडगावचं गोगळ, दवर्लीचं रुमडामळ या सगळ्या बोर्डाच्या वसाहती, पण तिथली घरं लोकांनी केव्हाच विकत घेतली, आता तिथे खोली मिळते ती मालकाकडून आणि बाजारभावानेच.

तुझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे वर्किंग विमेन्स हॉस्टेल. केंद्राच्या या योजनेला आता सखी निवास म्हणतात. पणजीसारख्या गावात महिना ३५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला चालतं (मोठ्या महानगरांत ५० हजार), घरचे त्याच शहरात राहत नसले पाहिजेत, आणि भाडं पगाराच्या टक्क्यात बांधलेलं असतं : एकटीची खोली १५ टक्के, दोघींची १० टक्के, डॉर्मिटरी साडेसात टक्के. २२ हजार पगार धरला तर ३,३००, २,२०० किंवा १,६५० रुपये झाले, मेसचे वेगळे. साधारण ३ वर्षं राहता येतं. पणजीत महिला आणि बालविकास संचालनालयात जाऊन विचार की या योजनेतलं हॉस्टेल जवळपास कुठे आहे, जागा रिकामी आहे का, नसली तर वेटिंगला नाव घाला म्हणावं. फोनवर विचारू नकोस गं, फोनवर कोणी धड सांगत नाही. चर्चच्या सिस्टर्स (नन) चालवतात ती हॉस्टेलं पण बघ, तिथे हे टक्क्यांचं गणित नसतं पण शांत आणि सुरक्षित असतात. दोन्हीकडे पहिला प्रश्न हाच विचारायचा की गेट किती वाजता बंद होतं आणि नाईट ड्युटीचं हॉस्पिटलचं पत्र दिलं तर रात्री अकराला आत घेतात का. भल्याभल्या मुली सामान घेऊन गेल्यावर हे विचारतात.

तोपर्यंत ताळगावातच दुसरी पार्टनर शोध, हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लावलीस तरी कोणीतरी मिळेल. नाहीतर मेरशी, सांताक्रूझ, चिंबल, रायबंदर या बाजूला घराच्या मागे वेगळ्या दाराची खोली असते ती बघ. बेती पण वाईट नाही, फेरीबोटीने उतरलीस की पणजीच.

प्रश्न : मी कुडाळचा, वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कंपनीत आहे. जवळच्या बिर्ला भागात चौघांत एक खोली आहे, पण मालक अॅग्रीमेंट करत नाही, म्हणतो कागद दिला की तुम्ही रेशन कार्ड काढता आणि इथलेच होता. भाडं रोख घेतो, पावती नाही. चालवून घ्यावं का?

उत्तर : अजिबात नाही. मालकाची भीती मला कळते, गोव्यात "बाहेरचे" हा विषय निघाला की माणसं लगेच तापतात, पण तुझं नुकसान त्याच्यापेक्षा मोठं आहे. उद्या इथेच संसार थाटलास तर गृह आधार (गृहिणींना दरमहा मदत) म्हण, दयानंद सामाजिक सुरक्षा (म्हातारपणाची वगैरे पेन्शन) म्हण, गोवा सरकारच्या अशा योजनांना १५ वर्षांचा रहिवास लागतो आणि तो दाखवायला कागद लागतात. अॅग्रीमेंट, लाईट बिलाची कॉपी, मुलांचे शाळेचे दाखले, हे एकेक वर्षाने साठत जातं, मागून तयार करता येत नाही.

मालकाशी वाद घालू नकोस, त्याला पोलीस व्हेरिफिकेशनची आठवण करून दे. भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला देणं ही मालकाची जबाबदारी आहे, चौघं राहत असाल तर चौघांचीही. एका रविवारी चौघांचे फोटो, आधारची झेरॉक्स, गावचा पत्ता, कंपनीच्या आयडीची कॉपी असं एका प्लॅस्टिक फोल्डरात घालून त्याच्या हातात दे आणि म्हण की फॉर्म आम्ही भरतो, तुम्ही फक्त सही करा. अर्ध्या मालकांची अडचण भीती नसून कंटाळा असते. आणि या महिन्यापासून भाडं यूपीआयनेच पाठव, खाली "अमुक महिन्याचं खोलीभाडं" असं लिहून. घेत नसेल तर मात्र समजून जा आणि दुसरी खोली बघायला लाग, लोटली, नुवे, कुठ्ठाळी, कुठेही, शनिवारी संध्याकाळी चौकातल्या दुकानात विचारलंस तर एजंटला एक महिन्याचं भाडं द्यावं लागणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. पर्वरीला टू बीएचके आहे, मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला, फ्लॅट कुलूपबंद. भाड्याने द्यावा असं वाटतं पण सगळे घाबरवतात, एकदा आत आला की निघत नाही म्हणतात.

उत्तर : बाई, तुमच्यासारखी कुलपं गोव्यात खूप आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं निघालं होतं, देशात हे प्रमाण सगळ्यात जास्त आपल्याकडे, आणि इकडे लोक खोली खोली करत फिरतायत. भीती कुठून आली तेही माहीत आहे. आपला भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा, भाडेकरूला काढायचं तर ठरलेलं कारण दाखवून रेंट कंट्रोलरकडे जावं लागतं, आणि पणजी-मडगावच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चिल्लर भाड्यात राहणारे सगळ्यांनी बघितलेत. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, त्याला संरक्षण देणाऱ्या मुंडकार कायद्याची भीती पण लोक फ्लॅटला लावतात, तिचा तुमच्या टू बीएचकेशी काही संबंध नाही.

तुम्ही ११ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स (भाडेपट्टा नाही, ठरावीक मुदत राहायची फक्त परवानगी) करा, मसुदा वकिलाकडून घ्या, स्टेशनरीच्या दुकानातला छापील नको, कारण वरती मथळा काय आहे एवढंच कोर्ट बघत नाही, आत प्रत्यक्षात काय व्यवहार झाला ते बघतं. माझं मत विचाराल तर नोटरीवर न थांबता सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, थोडा खर्च होईल पण झोप लागेल. डिपॉझिट २ महिन्यांचं पुरे. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात राहत्या घराला तेवढीच मर्यादा सुचवलीय, तो कायदा राज्याने स्वीकारल्याशिवाय बांधील नसतो, पण माप म्हणून चांगलं आहे. सोसायटीला कळवा, पोलिसांचा फॉर्म भरा. पर्वरीत पाण्याची बोंब तुम्हाला मी सांगायला नको, टँकरचे पैसे कोण देणार ते कागदावर लिहा, भांडणं भाड्यावरून कमी आणि यावरूनच जास्त होतात. आणि भाडं चार पैसे कमी ठेवून नोकरी करणाऱ्या दोन मुलींना द्या. बंद फ्लॅटला पावसाळ्यात बुरशी खाते, त्याचं रंगकाम तुमच्याच पेन्शनमधून होतं ना.

प्रश्न : भाड्याची पावती दिली तर टॅक्स वाचतो का? मालक पॅन नंबर देत नाही.

उत्तर : टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये असाल तरच, नव्यात एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट नाही. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅन द्यावा लागतो आणि मग ते भाडं त्याच्या उत्पन्नात दिसतं, म्हणून तो देत नाहीये. घर घेतानाच विचारायची गोष्ट आहे ही, आता समजुतीने घ्या.

प्रश्न : मी शिवोलीत एका रेस्टॉरंटमध्ये कुक आहे, बायको आणि चौथीतली मुलगी बरोबर. जूनमध्ये घर घेतलं, आता मालक म्हणतो ऑक्टोबरअखेर खाली करा, सीझन आहे, परत जूनमध्ये या. मुलीची शाळा मध्येच कशी सोडू? अॅग्रीमेंट तोंडी.

उत्तर : किनाऱ्यावरचा हा दरवर्षीचा खेळ आहे, पावसात घर ओस पडू नये म्हणून तुम्ही आणि ऑक्टोबर लागला की पर्यटक. कागदावर ऑक्टोबरपर्यंतच असं लिहिलेलं असतं तर मी तुम्हाला गप्प सामान बांधा म्हटलं असतं. पण तोंडी व्यवहार, दर महिन्याला भाडं घेतलेलं, अशा वेळी मालकाला मनात आलं म्हणून कुलूप बदलता येत नाही, त्याला कायद्याच्या वाटेनेच जावं लागेल. भाडं दिल्याचा जो पुरावा आहे तो आजच गोळा करा, व्हॉट्सअॅपवरचं "भाडं मिळालं" हे पण चालतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. लाईट-पाणी तोडायची धमकी दिली तर पोलीस स्टेशनला लेखी द्या आणि पोच घ्या. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज तुमच्या बायकोच्या नावाने करा, म्हापसा कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा.

एवढं सगळं सांगूनही माझा सल्ला विचाराल तर भांडून तिथेच राहण्यापेक्षा वेळ मागून घ्या. मालकाला सांगा, मार्चपर्यंत राहतो, शाळेचं वर्ष तेवढं होऊ दे, भाडं हजार-दोन हजार वाढवून देतो, आणि हे एवढंच कागदावर घ्या. मधल्या काळात म्हापसा, कोलवाळ, थिवी, अस्नोडा बघत राहा. शिवोली, आसगाव, हणजूण इथे भाडं पर्यटक ठरवतो, किनाऱ्यापासून आत गेलात की तिथे राहणाऱ्या माणसाच्या पगारावर ठरतं. स्कूटरचं पेट्रोल वाढेल, ते धरूनच हिशोब करा.

नवीन घरात पाय ठेवलात की त्याच दिवशी सब-मीटरचा (मालकाने तुमच्या खोलीला लावलेल्या वेगळ्या वीजमीटरचा) फोटो काढून मालकाला पाठवा आणि युनिटचा दर विचारून घ्या, कारण काही मालक वीज खात्याच्या दरापेक्षा जास्त लावतात आणि मग स्वस्त म्हणून घेतलेली खोली पंखा-फ्रिजच्या बिलात महाग पडते.