गोचीड काढलीत, पण ताप अंगावर काढू नका

रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या बाजूला कॅश (जीपीएसवर माग काढायच्या जिओकॅशिंगच्या खेळातला लपवलेला डबा) शोधायला गेलात, रात्री गुडघ्यामागे गोचीड दिसली, रॉकेल लावून ओढली, डोकं आत राहिल्यासारखं वाटतंय. आता सातव्या दिवशी ताप १०२, मलेरिया-डेंगी निगेटिव्ह, आणि डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे. तुमची ही पोस्ट वाचल्यावर लगेच लिहायला बसलो, कारण याच चक्रात माझे नऊ दिवस गेले होते. मी डॉक्टर नाही. खालचं सगळं डॉक्टरांसमोर ठेवायला म्हणून वाचा, स्वतःवर उपचार करायला नाही.

आत राहिलेल्या डोक्याची काळजी आधी सोडा. तो तोंडाचा तुकडा असतो, काट्यासारखा. त्वचा तो आपोआप बाहेर ढकलते. सुईने उकरलंत तर जखम चिघळेल, बाकी काही साधणार नाही. साबण-पाणी, वर बीटाडिन, संपलं.

खरं काम आहे तापाचं. आज परत जा आणि दारातून आत शिरतानाच सांगा: "अमुक तारखेला जंगलात गेलो होतो, गोचीड चिकटली होती, रिकेट्सियाचा ताप असू शकतो का?" हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. मी घातलेला सगळ्यात महागडा घोळ हाच, की हे मी सांगितलं नाही आणि समोरच्यांनी विचारलं नाही. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी तोच पॅरासिटामॉल, तीच प्लेटलेटची तपासणी, आणि शेवटी गोचिडीचा विषय काढला तर "ती गुरांना होते" असं उत्तर. राग मला गोचिडीचा नाही, या उत्तराचा येतो. मुंबईत ताप म्हटला की मलेरिया, डेंगी, लेप्टो या तीन खणांत माणूस बसवायचा, आणि तिन्ही रिकामे निघाले की व्हायरल म्हणून घरी पाठवायचं. चौथा खण कुणी उघडतच नाही.

त्या खणात आपल्याकडे मुख्यतः दोन आजार येतात, दोन्ही रिकेट्सिया गटातल्या जीवाणूंचे. एक, गोचिडीमुळे होणारा इंडियन टिक टायफस. दुसरा स्क्रब टायफस. तो गोचिडीमुळे नाही, चिगर नावाच्या माइटच्या (गोचिडीसारख्याच, पण खूप बारीक जिवाच्या) अळीमुळे होतो. ती अळी इतकी बारीक असते की चावल्याचं कळतच नाही. दोन्हींत चावल्याच्या जागी काळी खपली धरू शकते, विशेषतः स्क्रब टायफसमध्ये: अर्धा ते एक सेंटिमीटर, भोवती लाल कडा, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. जांघ, काख, कंबरेच्या इलॅस्टिकखाली, स्तनांखाली, कानामागे घरच्या कुणाकडून बघून घ्या आणि सापडली तर फोटो काढा. खपली नाही म्हणून आजार नाही असं मात्र धरू नका. मनगटं-घोट्यांपासून सुरू होऊन तळहात-तळपायांवर आलेलं पुरळही डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

वाइल-फेलिक्स ही या तापांसाठीची रक्ताची स्वस्त तपासणी पहिल्या आठवड्यात बरेचदा निगेटिव्ह येते, तेव्हा त्या कागदावर विसंबून राहू नका. संशय बळकट असेल तर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन (डॉक्सी) हे अँटिबायोटिक सुरू करतात, आणि बहुतेकांचा ताप ४८ तासांत उतरायला लागतो. अमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिम यावर चालत नाही. नेमकं तेच "थोडं अँटिबायोटिक घ्या" म्हणून हातात पडतं. डॉक्सी मिळाली तर भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवे होऊ नका, घसा जळतो. डेंगी पूर्ण निकालात निघेपर्यंत अ‍ॅस्पिरिन-ब्रुफेन नको. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर औषध सर्वस्वी डॉक्टरांच्या हातात. धाप, झोपाळूपणा, भ्रम, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना नाही, थेट मोठं रुग्णालय. मुंबईतलं कस्तुरबा हे महापालिकेचं साथरोगांचंच रुग्णालय आहे.

गेल्या पंधरवड्यात सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गच्या बाजूला गेला असाल तर तेही सांगा. तिथे माकडताप आहे, तोही गोचिडीमुळेच. तो विषाणूचा आजार असल्याने डॉक्सी तिथे उपयोगाची नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, २०१६ मध्ये दोडामार्गात त्याचा उद्रेक झाला. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा आणि आपल्या भटकंतीचा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याला कळवा.

"चोवीस तासांच्या आत काढली म्हणजे धोका नाही" हे जे सगळीकडे वाचायला मिळतं, ते अमेरिकेतल्या लाइम आजाराचं गणित आहे. आपल्याकडच्या तापांना ते लावू नका.

आता पुढच्या खेपेसाठी. पावसाळ्यातल्या जळवांची सवय असलेले लोक मीठ-तंबाखू घेऊन निघतात. जळू मिठाने सुटते, गोचीड नाही. रॉकेल, जळती काडी, नेलपॉलिश, चुना, यातल्या कशानेही ती लवकर सुटत नाही. उलट चिडवलेली गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. लागतो फक्त बारीक टोकाचा चिमटा. भुवयांचा तिरक्या, रुंद तोंडाचा प्लकर पोट चेपतो, म्हणून तो नको. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तसला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो. अगदी कातडीला टेकवून तोंडाशी धरायचं, न पिळता, न झटकता सरळ वर ओढत राहायचं. कातडी तंबूसारखी वर उचलली जाते, दहा-पंधरा सेकंदांनी ती सुटते. नखाने चिरडू नका. सेलोटेपमध्ये बंद करून तारीख आणि जागा लिहून ठेवा.

गोचिडीची पिलं वेगळीच डोकेदुखी. मोजावर खसखस सांडल्यासारखे ठिपके दिसतात. कुसळं किंवा धूळ समजून लोक झटकतात आणि ते वर चढतात. पाच मिनिटं नजर ठेवा, ठिपके सरकताना दिसतील. त्यांच्यासाठी दोन इंचाचा तपकिरी पॅकिंग टेप: चिकटवा, उपटा, घडी घाला. हे स्टेशनवर, लोकल पकडण्याआधी करा.

आता कॅश शोधण्याबद्दल माझं ठाम मत. गोचिडी पायवाटेच्या मधोमध लागत नाहीत, त्या शेवटच्या दहा मीटरमध्ये लागतात. झाडीखाली जीपीएसची चूक सहज तेवढी असते, मग आपण गुडघाभर वाळल्या गवतात गोल-गोल फिरतो, सॅक तिथेच टाकतो, मांडी घालून बसतो. गोचीड उडी मारत नाही. ती गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्याला धरते. गुरांची वाट असली तर जास्तच. म्हणून कॅशबरोबर दिलेली हिंट आधी वाचा, कातळावर उभं राहून जागा हेरा आणि एकदाच आत शिरा. सॅक दगडावर. बिळात-कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवा, फुरशांसाठीही ती लागतेच. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वाट सोडून शिरणं किंवा डबा लपवणं करूच नका, तो नियमभंग आहे.

फिक्या रंगाची पँट, तिची टोकं मोजात. उघड्या कातडीवर २० ते ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं औषध). डासांच्या क्रीममध्ये किती आहे ते मागे छापलेलं बघा. ०.५ टक्के पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा स्प्रे मिळाला तर तो फक्त कपडे-बुटांवर, पूर्ण वाळू द्यायचा, ओला असताना मांजर जवळ येऊ द्यायचं नाही. औषधाच्या दुकानातलं ५ टक्क्यांचं मलम खरजेचं असतं, ते याच्यासाठी नाही. घरी आल्यावर कपडे थेट मशीनमध्ये, ६० अंशांवर. गार पाण्याच्या धुण्यात गोचिडी जगतात. कुत्रा बरोबर असेल तर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली बघा. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, आणि टिक टायफस पसरवणाऱ्यांत तीही आहे.

आणि त्या कॅशच्या लॉगमध्ये, म्हणजे शोधणाऱ्यांच्या नोंदीत, नुसतं "सापडली, धन्यवाद" लिहून सोडू नका. गुरांची वाट, गुडघाभर गवत, गोचिडी, तारीख, एवढं टाका. पण ते नंतर. आधी दवाखाना.