ईसीजीच्या कोरड्या (जेल न लावता वापरायच्या) इलेक्ट्रोडसाठी पीसीबीचा (सर्किट बोर्डचा) इनिग, म्हणजे निकेलवर चढवलेला सोन्याचा पातळ मुलामा, थेट त्वचेवर चालेल का?

टेबलावर तासभर चाचणीसाठी चालेल, पण दिवसभर अंगावर बांधायच्या पट्ट्यात नको. इनिगमध्ये सोनं जेमतेम ०.०५ ते ०.१ मायक्रॉन असतं आणि खाली ३ ते ६ मायक्रॉन निकेल. इतका पातळ थर सच्छिद्र असतो. घामातलं क्लोराइड त्या छिद्रांतून खाली उतरतं, सोनं-निकेल जोडीमुळे गंज आणखी वेगाने चढतो आणि निकेल त्वचेवर येतं. ज्यांना निकेलची अॅलर्जी आहे त्यांना पुरळ येऊ शकतं. युरोपात सतत त्वचेला लागणाऱ्या वस्तूंसाठी निकेलची मर्यादा दर चौ.सेंमी.ला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. हाताशी असलेला नमुना तपासायचा तर डायमिथाइलग्लायॉक्सिम (निकेल ओळखणारं रसायन) चाचणीचा बोळा त्यावर चोळा. गुलाबी झाला की निकेल सुटतंय. एज कनेक्टरचं (बोर्डच्या कडेला, सॉकेटात खुपसायच्या पट्ट्यांचं) जाड ‘हार्ड गोल्ड’ टिकाऊ असतं, पण त्याच्याही खाली निकेल असतं आणि सोन्यात बहुधा थोडं कोबाल्ट.

त्यापेक्षा पॉलिइमाइड (लवचिक प्लास्टिक) फिल्मवर स्पटरिंगने (निर्वातात धातूचे अणू उडवून थर चढवण्याच्या पद्धतीने) सोनं धरून ठेवायला साधारण १० नॅनोमीटर टायटॅनियम आणि त्यावर १०० ते २०० नॅनोमीटर सोनं घ्या. थर नीट चिकटावा म्हणून आधी फिल्मला ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा मारा) द्या. दोन्ही थर निर्वात न मोडता चढवा, नाहीतर टायटॅनियमवर ऑक्साइड धरतं आणि सोनं चिकटपट्टीबरोबर सोलून येतं.

एक मात्र आहे: सोनं ध्रुवीकृत होतं (त्याच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचतो), म्हणून हालचालीत बेसलाइन (सिग्नलची मूळ रेषा) नेहमीच्या सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडपेक्षा जास्त सरकते. अॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) १०० मेगाओहमच्या वर ठेवा आणि पहिली काही मिनिटं, घाम धरेपर्यंत, सिग्नलवर भरवसा ठेवू नका.