इंदूरच्या घरावर सोलर लावावं का? व्हेंडर ५ किलोवॅट म्हणतोय

५ किलोवॅट नको. सोलर लावायचं की नाही ते पुढे बघू, पण हा आकडा आधी डोक्यातून काढा.

तुम्ही लिहिलंय ते असं: घर सुदामानगरात, राहायला आई-बाबा दोघंच, तुम्ही पुण्याला. एप्रिल ते जून बिल चार हजारांच्या आसपास, एरवी बाराशे ते पंधराशे. व्हेंडर म्हणतो, "पाँच किलोवॅट डलवा लो, बिल ज़ीरो." मी इथलाच, टिळकनगरचा. आमच्या गच्चीवर पॅनल आहेत, त्यामुळे ओळखीपाळखीतले लोक कोटेशन घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक कोटेशनांत छत किती मोठं आहे ते मोजलेलं असतं, घर किती वीज खातं ते नाही.

बिलातले सगळे आकार धरून विजेचं युनिट साधारण साडेसात-आठ रुपयांना पडतं. म्हणजे तुमच्या बिलांवरून उन्हाळ्यात महिन्याला पाचशे युनिटांच्या आत-बाहेर, बाकीचे नऊ महिने १६० ते २००. वर्षाची गोळाबेरीज ३,२०० युनिटांच्या पुढे फारशी जात नाही. नक्की आकडा हवा तर बाबांकडून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागवा. आमच्या पिढीतले वडील बिलं फेकत नाहीत, फाईल असणारच.

आता पॅनलची बाजू. आपल्याकडे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, पावसाळा धरून. २ किलोवॅट म्हणजे वर्षाला २,९०० च्या जवळपास, ३ म्हणजे ४,४०० च्या जवळपास, ५ म्हणजे सात हजारांवर. तुमचं घर सात हजार युनिटांचं करणार काय? ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, देता येतात; घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर तेवढ्यासाठीच असतो. पण उरलेल्या युनिटांचा हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि त्याचा भाव तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. आणि तारीख बघा. हिवाळाभर एसी बंद, ऊन स्वच्छ, युनिटं साठलेली. १ एप्रिलला पाटी कोरी, आणि त्याच आठवड्यात एसी सुरू.

सबसिडीही तेच सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० ला विषय संपतो. चौथा-पाचवा किलोवॅट पूर्ण तुमच्या खिशातून. ही रक्कम व्हेंडर वजा करून देत नाही. काम होऊन मीटर लागल्यावर ती ग्राहकाच्या खात्यात येते, म्हणजे आधी पूर्ण पैसे तुम्हीच मोजायचे. पॅनल भारतात बनलेल्या सोलर सेलचे असावे लागतात, नाहीतर सबसिडी नाही. कोटेशनवर 'डीसीआर' (देशी मालाची हीच अट) लिहिलंय का बघा.

पण मी तुमच्या जागी असतो तर पॅनलच्या आधी पंखे बदलले असते. हसू नका. मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजना आहे: महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिली १०० युनिटं १०० रुपयांत. १५१ वं युनिट जळलं की ती सवलत गेली. तुमचं घर नऊ महिने या रेषेच्या जरासं पलीकडे आहे. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० च्या आसपास. चार पंखे रोज दहा तास फिरले तरी महिन्याला पन्नासेक युनिटं वाचतात. एकशेनव्वदचे एकशेचाळीस झाले की चौदाशेच्या बिलाचं चार-पाचशे होतं. खर्च दहा-बारा हजार. थंडीत पंखे बंदच असतात, तेव्हा गिझरकडे बघायला लागेल. हे कुठलाही सोलरवाला सांगणार नाही, त्याचं ते कामही नाही.

आता गंमत अशी की पंखे बदलले की सोलरचा फायदा आटतो, कारण वाचवायला महाग युनिटं राहतात फक्त उन्हाळ्याची. आहे तसंच ठेवून २ किलोवॅट लावलं तर सबसिडी जाऊन पाऊण लाखाच्या आसपास खर्च येईल आणि तो चार-साडेचार वर्षांत निघेल. पंखे बदलून मग लावलं तर सात वर्षं धरा. ५ किलोवॅटला नऊ-दहा. पॅनलची हमी २५ वर्षांची असते, तेव्हा सातही वाईट नाहीत, पण घाई करण्यासारखंही काही उरत नाही. सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) मात्र मधे एकदा बदलावा लागणार असं समजूनच चाला.

ज्यांचा वापर मुळात मोठा आहे त्यांचं गणित वेगळं. आपल्या महापालिकेनंच बघा, फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदच्या ६० मेगावॅटच्या सोलर प्रकल्पासाठी. नर्मदेचं पाणी तिथून इंदूरपर्यंत चढवायचं म्हणजे पंपांना दिवसरात्र वीज. तुमच्या घरी दुपारी एक टीव्ही आणि एक पंखा.

गच्ची बघायची असेल तर डिसेंबरात बघा. जूनमध्ये इथे सूर्य भर दुपारी डोक्यावर असतो, कर्कवृत्त उज्जैनच्या थोडंसंच वरून जातं, त्यामुळे सावली कुठेच दिसत नाही आणि सगळी गच्ची कामाची वाटते. डिसेंबरात दुपारी बारालासुद्धा सूर्य ४४ अंशांवरच असतो, म्हणजे जेवढी उंच वस्तू जवळजवळ तेवढीच लांब सावली, उत्तरेकडे. जिन्याच्या टोपीवरची सिंटेक्सची टाकी आमच्याकडे सकाळी नऊ वाजता अर्ध्या गच्चीवर पसरलेली असते. एका पॅनलवर सावली आली की त्या ओळीतली बाकीचीही ढेपाळतात. दक्षिणेच्या शेजाऱ्याचा मजला चढवायचा विचार आहे का, हेही बाबांना सहज विचारायला सांगा. २ किलोवॅटला दोनशे चौरस फूट पुरतात.

आणि आईंना विचारा. कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, सगळं वरच वाळत असेल. व्हेंडर म्हणेल उंच स्ट्रक्चर घ्या, खाली जागा मोकळी राहते. राहते, पण पॅनलखालच्या सावलीत कुरडई वाळत नाही, मेच्या आंधीत उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो आणि धुवायला शिडी लागते. सत्तरीच्या माणसानं शिडीवर चढून काच पुसायची, हे मला पटत नाही. बुटकं स्ट्रक्चर, पाइपनं पाणी मारता येईल असं. पाणी नर्मदेचं घ्या, बोअरचं नको, जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. मारायचं सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर नाही.

लाईट गेली की सोलरही बंद होतं, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा. खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या घरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर काढून टाकू नका.

स्लॅबला आधीच ओल असेल तर पहिल्यांदा वॉटरप्रूफिंग, नंतर बाकी सगळं. पॅनलखाली गळती शोधणं फार त्रासाचं.

शेवटचं, आणि यातच जास्त वेळ जातो: बिल कोणाच्या नावावर आहे? जुन्या घरांत ते अजून आजोबांच्या नावावर असतं. अर्ज, मीटर आणि बँक खातं एकाच नावाचं लागतं. ते नामांतर आताच करून घ्या, सोलर लावा न लावा. पंखेही याच महिन्यात बदला. मग पुढचा उन्हाळा जाऊ द्या, जूनचं बिल हातात आलं की २ किलोवॅटचं ठरवा. तोवर तुम्ही इंदूरला परतायचं पक्कं केलंत, किंवा दारात विजेवरची गाडी आली, तर ३.