मुलगी डॅलसमध्ये एकटी राहते, हिमवादळाचा इशारा आलाय. पुण्यात बसून आम्ही तिच्यासाठी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय, ‘वीज गेलीच तर तिच्याकडे बार्बेक्यूची शेगडी आणि कोळशाची पिशवी आहे, घरात पेटवून ऊब घे म्हणून सांगितलंय.’ आधी त्याबद्दल. आत्ताच्या आत्ता तिला कळवा की ती शेगडी घरात पेटवायची नाही. बाल्कनीत नाही, गॅरेजमध्ये नाही, खिडकी उघडी ठेवूनही नाही. बाकीचं नंतर वाचा.

इथे अमेरिकेत आपल्या लोकांशी हा वाद मी वर्षानुवर्षं घालतोय. ‘आमच्या आजीकडे शेगडी घरातच असायची, कुणाला काही झालं नाही’ हे ठरलेलं उत्तर. आजीचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून, उघड्या दारातून हवा सतत खेळती असायची. अमेरिकेतलं अपार्टमेंट ऊब बाहेर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद केलेलं असतं. दुसरा गैरसमज धुराचा. धूर थांबला, निखारे लाल झाले की लोकांना वाटतं धोका टळला. पण बिनधुराच्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड भरपूर बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. ताप नसलेला फ्लू वाटतो, म्हणून माणूस जरा आडवा होतो आणि उठत नाही. दिल्लीकडे दर थंडीत बंद खोलीतल्या अंगीठीने माणसं जातात, ती याच कारणाने.

हा गॅस ओळखणारा बॅटरीवरचा अलार्म तिच्या घरात आहे का, ते विचारा. छतावरचा धुराचा अलार्म म्हणजे तो नव्हे. सगळं विजेवर चालणाऱ्या अपार्टमेंटमध्ये तो बहुधा नसतोच. शेजारच्याने जनरेटर लावला तर तो घरापासून निदान २० फूट लांब आणि धुराचं तोंड खिडक्यांपासून उलट दिशेला हवं. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत गाडी सुरू करून बसायचं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात काय झालं ते नीट समजून घ्या, म्हणजे तयारी कशाची करायची ते कळेल. थंडीने नैसर्गिक गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रांची यंत्रं गोठली, त्यात गॅस पुढे ढकलणाऱ्या यंत्रांचीच वीज तोडली गेली, आणि त्या गॅसवरची केंद्रं आणखी बंद पडली. १५ फेब्रुवारीच्या पहाटे ग्रिडची, म्हणजे राज्यभर वीज पोचवणाऱ्या जाळ्याची वारंवारिता, जी नेहमी ६० हर्ट्झ असते, ५९.४ हर्ट्झच्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. तीच ९ मिनिटं राहिली असती तर वीजकेंद्रं ग्रिडपासून आपोआप सुटत गेली असती आणि जवळजवळ सगळं राज्य अंधारात गेलं असतं. ते वाचवायला ४५ लाखांहून अधिक घरांची वीज बंद झाली. आपल्याकडच्या लोडशेडिंगसारखी ती आलटूनपालटून जाईल असं सगळे धरून चालले होते. तसं झालं नाही. ज्या फीडरवर, म्हणजे एका भागाला वीज देणाऱ्या लाइनवर, हॉस्पिटल होतं तिथले दिवे जळत राहिले आणि रस्त्यापलीकडची घरं तीन-तीन दिवस गार पडली. १६ तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे १९ अंश होतं.

राज्याच्या अधिकृत मोजणीत २४६ मृत्यू आहेत. त्यातले १६१ थंडीने, १९ कार्बन मोनॉक्साइडने. हे आकडे दाखवून ‘बघा, थंडीनेच जास्त गेले, मग शेगडीच बरी’ असंही मला ऐकवलं गेलंय. त्या १६१ जणांचं उत्तर शेगडी नाही, वीज असलेलं दुसरं घर हे आहे. म्हणून तिला आजच विचारा: घर गार पडलं तर कोणाकडे जाणार? ते घर चालत जाण्याइतकं जवळ हवं आणि वेगळ्या फीडरवर असलं तर उत्तम. जायचं ते दिवसाउजेडी, रस्त्यावर बर्फाचा थर बसायच्या आधी. २०२१ मध्येच, ११ फेब्रुवारीला डॅलसशेजारच्या फोर्ट वर्थच्या उन्नत मार्गावर १३० हून अधिक गाड्या एकमेकींवर आदळून ६ जण गेले. तेव्हा मोठा बर्फ पडलाच नव्हता, नुसती गोठणारी रिमझिम होती. पूल खालून-वरून गार होतात, म्हणून आधी गोठतात. ओळखीचं कोणी नसेल तर तिने २११ या मदत-माहितीच्या नंबरवर फोन करून जवळचं उबदार केंद्र विचारावं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही तिला दर तासाला व्हिडिओ कॉल करत असाल तर तो बंद करा. वीज गेल्यावर तिच्या फोनची बॅटरी हीच तिची दोरी, आणि ती तुमच्या कॉलने संपते. हिवाळ्यात डॅलस आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. तुमचे सकाळचे आणि संध्याकाळचे साडेसात म्हणजे तिचे आठ. या दोन वेळांना तिने एक मेसेज टाकायचा: वीज आहे की नाही, पाणी आहे का, बॅटरी किती. नेट गेलं तर साधा एसएमएस. लागोपाठ दोन मेसेज चुकले तरच तुम्ही हालचाल करायची, आणि ती कशी हे आधी ठरलेलं हवं. भारतातून ९११, म्हणजे अमेरिकेचा तातडीचा नंबर, लावून तिकडे फोन लागत नाही. तिच्या शहराच्या पोलिसांचा दहा आकडी बिगर-तातडीचा नंबर आजच लिहून घ्या, पुढे +१ लावून. ‘वेल्फेअर चेक हवा आहे’, म्हणजे घरी जाऊन ती बरी आहे का ते बघा, एवढं इंग्रजीत सांगता आलं पाहिजे. सोबत पत्ता, इमारत आणि फ्लॅटचा नंबर, गेटचा कोड. पण वादळात पोलिसांना यायला तासन्‌तास लागू शकतात, म्हणून पहिला फोन शेजाऱ्याला. त्याचा नंबर तुमच्याकडे नसेल तर कोळशाखालोखाल हीच मोठी चूक.

पाण्याचं थोडक्यात. पिण्याचं पाणी माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, निदान तीन दिवसांचं. फ्लशसाठी बाथटब भरून ठेवायचा. २०२१ मध्ये पाणी उकळून प्यायचे आदेश निघाले होते. उकळायचं म्हणजे एक मिनिट खळखळून, पण शेगडी विजेची असेल तर उकळणार कशावर? म्हणून साठा आधीच. बाहेरच्या भिंतीकडचे नळ, गरम आणि गार दोन्ही, बारीक धारेने चालू ठेवायचे आणि सिंकखालची कपाटं उघडी. बर्फाचा बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो. नळ ठिबकत राहिला की तो दाब सुटतो. फुटल्याचं बर्फ वितळताना कळतं, म्हणून पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते अपार्टमेंटच्या ऑफिसमध्ये तिने आजच विचारून ठेवावं. न शिजवता खाता येईल असं काहीतरी हवं: दाण्याचे लाडू, चिवडा, भिजवलेले पोहे.

रात्री एकाच खोलीत, दाराच्या फटीला टॉवेल, डोक्यावर टोपी. बोलणं अडखळायला लागलं किंवा गारठलेल्या माणसाची थरथर अचानक थांबली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही, लगेच ९११.

हे सगळं टेक्सासचं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोसारख्या ठिकाणी घरं थंडीसाठीच बांधलेली असतात, तिथे धोका रस्त्यावरचा. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे माणसं अडकलेल्या गाड्यांतही गेली. गाडीत अडकलं तर गाडी सोडायची नाही, धुराच्या नळीवरचा बर्फ काढायचा आणि तासातून दहा मिनिटंच इंजिन चालवायचं, खिडकी बोटभर उघडी ठेवून.

पोलिसांचा नंबर लिहून घेतलात की आजच एकदा लावून बघा. काही मोबाइल प्लॅनवर परदेशी कॉल बंदच असतात, आणि ते चालू करून घ्यायला वेळ लागतो.