दोन क्लाउनफिशसाठी सम्प हवाच का?

प्रश्न : मी नाशिकला राहते. गोड्या पाण्याची टाकी सहा वर्षं सांभाळली, आता खाऱ्या पाण्याची छोटी टाकी करायची आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. त्यात क्लाउनफिशची एक जोडी आणि थोडे खडक, एवढंच. दुकानदार म्हणतात, खालच्या कपाटात सम्प बसवल्याशिवाय समुद्री टाकी टिकत नाही. त्याचा खर्च टाकीइतकाच येतोय, आणि आमच्याकडे वीज वरचेवर जाते. काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या टाकीला सम्प नको.

सम्प म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी पाइपाने खाली उतरतं, पंप ते पुन्हा वर चढवतो. त्यामुळे एकूण पाणी वाढतं, स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कपाटात दडतो, पृष्ठभागावरचा तेलकट थर आपोआप निघून जातो. मोठ्या टाकीत, मासे जास्त असले की हे सगळं लागतंच. पण तुमच्या टाकीत खडक टाकल्यावर जेमतेम ६० लिटर पाणी राहील आणि मासे दोन. एवढ्याशा घाणीला दर आठवड्याला ६ लिटर पाणी बदललं की पुरे. त्यासाठी आरओचं पाणी आणि साधारण २१० ग्रॅम समुद्री मीठ लागेल. तेलकट थरासाठी पॉवरहेडचं, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या छोट्या पंपाचं, तोंड थोडं वर वळवा, पाणी वरून हलतं राहिलं की तो जमत नाही.

विजेचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण माझा निर्णय खरा त्यावरच ठरला. पुण्यात माझ्या एका टाकीला सम्प होता. टाकी ७५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद. पंपाच्या पाइपाचं तोंड पाण्यात सहा सेंटिमीटर खोल होतं. वीज गेली की पाणी त्याच पाइपाने उलटं खाली ओढलं जातं. ते थांबावं म्हणून पृष्ठभागालगत पाइपाला बारीक भोक ठेवतात. माझं भोक गुलाबी शेवाळाने बुजलेलं होतं. रात्री वीज गेली आणि सहा सेंटिमीटरचा थर, म्हणजे १८ लिटर पाणी, खाली आलं. सम्पमध्ये जागा होती १० लिटरांची. उरलेलं आठ लिटर खारं पाणी फरशीवर पसरलं, विजेच्या बोर्डापर्यंत पोचलं. बोर्ड जमिनीवर ठेवला होता, ही चूक माझीच. तेव्हापासून तो भिंतीवर उंच लावलाय आणि ते भोक मी दर रविवारी टाचणीने साफ करते.

वरचं पाणी सम्पमध्ये उतरवायला, काचेला भोक न पाडता काठावर लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्सही तुम्हाला दाखवतील. वीज ये-जा करणाऱ्या घरात तो घेऊच नका. त्याच्या नळीत हवा शिरली की पाणी उतरायचं थांबतं, पंप मात्र वर चढवतच राहतो आणि वरची टाकी ओसंडते. शिवाय वीज नसताना सम्पचा पंपही बंदच असतो, माशांना त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप आणून ठेवा.

तुमची खरी परीक्षा बाष्पीभवनाची आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ६० लिटरांतलं तीन लिटर उडालं की लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार जवळपास ३७ होतात. उन्हाळ्यात टाकीवर पंखा लावावा लागेल, तेव्हा पाणी आणखी झपाट्याने उतरेल. टाकी भरल्यावर पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटपट्टी लावा. रोज सकाळी पट्टीपर्यंत आरओचं साधं पाणी घाला, मिठाचं नव्हे, आणि किती लागलं ते वहीत लिहा. सुरुवातीला मासे घालायचेच नाहीत. खडक आणि पाणी चार-सहा आठवडे चालू द्या, अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं दोन्ही शून्यावर यायला हवीत. तोवर वहीही भरेल. रोज पाणी घालणं जमत नाही असं वहीत दिसलं, तर पातळी उतरताच पाणी सोडणारं ऑटो टॉप-अप यंत्र घ्या. ते सम्पशिवायही चालतं. सम्पचे वाचलेले पैसे आधी चांगल्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या उपकरणावर, घाला.

खडकांबद्दल एक सांगायलाच हवं. किनाऱ्यावरून पोवळ्याचा तुकडा उचलून आणू नका, कोणी विकत दिला तरी घेऊ नका. रीफ बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सच्छिद्र कोरडा खडक पुरतो, घाण पचवणारे जिवाणू त्यावर आपोआप वसतात.

पुढे मासे वाढवावेसे वाटले तर सम्पचा विचार पुन्हा करता येईल. त्यासाठी टाकी बनवायला देतानाच मागची काच साधी सांगा, टफन्ड (तापवून कडक केलेली) नको, कारण सम्पच्या पाइपासाठी तिला भोक पाडावं लागेल. टफन्ड काचेला भोक पाडायला गेलं की तिचा चुरा होतो. साधी असली तर टाकी रिकामी करून नंतरही पाडता येतं.