लग्नाचं ब्लाउज आजच्याच मापाचं

प्रश्न : ताई, फेब्रुवारीत माझं लग्न आहे. उंची 4 फूट 11 इंच, खांदे अरुंद, कंबर बारीक, पण त्याखाली रुंद. आजीची सहावारी पैठणी नेसायची आहे. काठ चांगला सहा बोटं रुंद आहे. मावशी म्हणते, त्या काठात मी अजून बुटकी दिसेन. तोवर पाच किलो वजन उतरवणार आहे, तर ब्लाउज दोन इंच कमी मापाचं शिवून घेऊ का? पाठीला खोल गळा आणि मोत्यांची लटकनंही हवी आहेत.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन इंच कमी अजिबात शिवू नकोस. सदाशिव पेठेत मी 31 वर्षं ब्लाउज शिवतेय. एकदा अशाच एका मुलीच्या आग्रहाला मान दिला आणि लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसहाला कार्यालयातून फोन आला, हूक लागत नाहीत. आत मार्जिन होतं म्हणून निभावलं. वधूच्या खोलीत बसून दोन्ही बाजू उसवल्या, हातानं टाके घातले. बाहेर गौरीहर मांडून सगळे खोळंबले होते आणि पोरगी रडत होती. तिला नाही म्हणायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. त्या दिवसापासून नवरीचं ब्लाउज मी आजच्याच मापाचं शिवते आणि आत दोन्हीकडे एकेक इंच मार्जिन सोडते. वजन उतरलंच, तर लग्नाआधी आठ-दहा दिवस शेवटच्या फिटिंगला ते आत घेता येतं. नसलेलं कापड ऐन वेळी कुठून आणायचं?

मापाला जाशील तेव्हा लग्नात घालणार आहेस तीच ब्रा घालून जा. ती बदलली की टक्स, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या, सरकतात.

आता खोल गळ्याचं. शेला खांद्यावरून पाठीवर आला की गळा निम्मा झाकतो आणि लटकनं त्याच्या जरीत अडकतात. लग्न लागताना तुझी पाठ कुणाला दिसणार आहे? ती हौस रिसेप्शनच्या ब्लाउजवर कर. शिवाय मागचा गळा खोल आणि खांदे अरुंद असले की ब्लाउज खांद्यावरून घसरतं, दिवसभर ते सावरत बसशील. त्यापेक्षा पुढचा गळा रुंद चौकोनी घे, पण उथळ. रुंद गळ्यानं खांदे भरलेले दिसतात आणि खालच्या रुंदीला वर जोड मिळते. उथळ अशासाठी, की तुला त्या दिवशी पन्नास जणांना वाकून नमस्कार करायचा आहे.

बाही कोपराच्या जरा वर संपू दे. हात खाली सोडला की ती कंबरेच्या पातळीवर येते, नजर तिथेच थांबते, आणि तुझी कंबर बारीक आहे. मनगटापर्यंतची बाही नेमकी रुंद भागाशी संपते. आजीच्या पैठणीतून कापड मात्र कापू नकोस. रविवार पेठेत जाऊन तिच्या रंगाला लागून येणारा खण घे.

मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, काखेलगत, वर घ्यायला सांग. बऱ्याच जणींना वाटतं, मुंढा खाली उतरवला की हात मोकळा होतो. होतं उलटंच, हार घालायला हात वर केला की अख्खं ब्लाउज वर चढतं. ट्रायलला दुकानातच दोन्ही हात डोक्यावर ने, मांडी घालून बस, वाक. होमाजवळ तासभर तसंच बसायचं आहे.

काठाचं मावशींना सांग, की पदर दंडावर मोकळा सोडला तर त्या म्हणतात ते खरं आहे, आडवा पट्टा दिसतो. पदराच्या चार-पाच बारीक घड्या घालून खांद्यावर पिन लाव. मग तोच काठ खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उभा उतरतो आणि उंची वाढल्यासारखी वाटते. निऱ्याही पाचच, अरुंद. आदल्या संध्याकाळी त्या बसवून ठेव. जरीवर इस्त्री थेट फिरवायची नाही, मध्ये सुती कापड घालायचं.

परकराकडे कुणी बघत नाही, आणि सगळा फुगवटा तिथूनच येतो. घेरदार नको. नितंबांपर्यंत अंगाबरोबर बसणारा, खाली चालण्यापुरता मोकळा, सुती परकर शिवून घे. सॅटिनवरून पैठणी घसरते. नाड्याची गाठ पोटावर नको, कडेला घे. लग्नातल्याच चपला घालून साडी नेसायची आणि काठ जमिनीला जेमतेम टेकू द्यायचा. घोटे दिसले की उंची तिथेच तुटते.

प्रश्न : मुलीचं लग्न आहे. माझे दंड जाड आहेत. बाही लांब ठेवू की आखूड?
– एक आई, चिंचवड

उत्तर : लांबीपेक्षा ती कुठे संपते ते बघा. दंडाच्या सर्वांत जाड जागी संपली की तिथे चिमटा बसतो आणि दंड आहे त्याहून जाड दिसतो. कोपरापर्यंत घ्या, बाही उरेब, म्हणजे कापड तिरकं धरून, कापायला सांगा म्हणजे कापड थोडं ताणलं जाईल. आणि दंडाचं माप हात सरळ ठेवून देऊ नका. कोपरात वाकवून, पाहुण्यांना ताट वाढताना असतो तसा ठेवून द्या.