इंग्लंडमध्ये टॅक्सीचा बॅज द्यायचा की नाही, हे काउन्सिल कसं ठरवतं?

तुमचा मावसभाऊ सहा वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि त्याला टॅक्सीचा बॅज काढायचाय. पण साडेतीन वर्षांपूर्वी गाडी चालवताना फोन हातात होता म्हणून त्याला २०० पौंड दंड आणि लायसन्सवर दंडाचे सहा पॉइंट पडलेत. काउन्सिल बॅज देईल का आणि हे ठरवतं कोण, असा तुमचा प्रश्न आहे. मी मूळची साताऱ्याची. इथे मिडलंड्समधल्या एका काउन्सिलवर दोन टर्म नगरसेविका होते आणि त्यातली बरीच वर्षं लायसन्सिंगच्या उपसमितीवर बसले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बॅज आरटीओ देतं, त्यामुळे यात नगरपालिकेचा काय संबंध असं वाटणं साहजिक आहे. इथे गाडी चालवायचं लायसन्स डीव्हीएलए ही सरकारी संस्था देते आणि भाड्याने माणसं न्यायचा बॅज काउन्सिल देतं. लंडनमध्ये ते काम टीएफएलकडे (शहराच्या वाहतूक संस्थेकडे) आहे. बाकी जवळजवळ सगळ्या इंग्लंडमध्ये १९७६ चा कायदा चालतो आणि त्यातलं एक वाक्य सगळ्याच्या मुळाशी आहे: अर्जदार ‘फिट अँड प्रॉपर’ आहे अशी खात्री पटल्याशिवाय काउन्सिलने बॅज देऊ नये. म्हणजे खात्री पटवून द्यायची ती अर्जदाराने. कोर्टात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, इथे अर्जदाराला तो मिळत नाही.

‘फिट अँड प्रॉपर’ म्हणजे काय, हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यासाठी परिवहन खात्याच्या २०२० च्या मानकांमध्ये एक प्रश्न दिलाय. त्याचा आशय असा: तुमच्या जिवाभावाच्या माणसाला, मग त्याची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री कधीही, या माणसाच्या गाडीत एकटं बसवाल का? पारडं किंचित जरी ‘नाही’कडे झुकलं तरी बॅज द्यायचा नाही. हा प्रश्न वाचला की दर वेळी माझ्या डोळ्यासमोर माझी आई यायची. ती उन्हाळ्यात इकडे येते, तिला इंग्रजी येत नाही, गुडघ्यांमुळे चटकन उतरता येत नाही, आणि हॉस्पिटलमधून एकटी परतताना ड्रायव्हर कुठल्या रस्त्याने नेतोय हे तिला कळायचा मार्ग नसतो.

फाइल स्वच्छ असेल तर अधिकारीच सही करतात. डीबीएसचा अहवाल (पोलिसांकडची नोंद), डॉक्टरांचं प्रमाणपत्र, कामाचा हक्क, शहराची आणि नियमांची परीक्षा, एवढं पार पडलं की झालं. काही खटकलं तर ते प्रकरण बऱ्याच काउन्सिलमध्ये आमच्यासारख्या दोन-तीन सदस्यांपुढे येतं आणि शेजारी कायद्याचा सल्लागार बसतो.

एक सुनावणी माझ्या मनातून अजून जात नाही. समोर एक गृहस्थ बसले होते. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घराच्या हप्त्याचे कागद आणि मुलीच्या शाळेचं पत्र होतं. बोलताना त्यांचं बोट सारखं त्या फोल्डरच्या कडेवरून फिरत होतं. नऊ वर्षांपूर्वी दुकानातून वस्तू उचलल्याबद्दल कोर्टाने त्यांना दंड केला होता. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात शिक्षेनंतर सात वर्षं बॅज देऊ नये असं मानकांत आहे, तो काळ उलटून गेलेला. तेवढंच असतं तर आम्ही बहुधा बॅज दिला असता. पण फॉर्मवर ‘पूर्वी शिक्षा झाली आहे का?’ याच्यापुढे त्यांनी ‘नाही’वर खूण केली होती. चोरी नऊ वर्षांची जुनी होती, ही खूण दोन महिन्यांपूर्वीची. आम्ही अर्ज नाकारला. त्यांनी फोल्डर उघडून पुढे सरकवलं तेव्हा सल्लागाराला सांगावं लागलं की हे आम्हाला विचारात घेता येणार नाही. लीड्सच्या एका खटल्यात २००२ मध्ये हायकोर्टाने तसं स्पष्ट केलंय: अगदी अपवाद सोडला तर ड्रायव्हरची घरची परिस्थिती या निर्णयात येत नाही, प्रवाशाची सुरक्षितता तेवढी येते. त्या दिवशी घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. पण निर्णय बरोबर होता असं मी आजही म्हणेन. नाकारल्यावर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, तेही त्यांना लेखी कळवलं.

एवढी कडक शिस्त का, याचं उत्तर बऱ्याच अंशी उत्तर इंग्लंडमधल्या रॉदरहॅम या गावात आहे. तिथे १९९७ ते २०१३ या काळात किमान सुमारे १,४०० मुलांचं लैंगिक शोषण झालं, असं २०१४ च्या चौकशी अहवालात आलं, आणि त्यात काही टॅक्सीचालकांचा हात वारंवार दिसला. पुढे तिथल्या काउन्सिलचा कारभार काही काळ सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे गेला, लायसन्सिंगसुद्धा. बहुसंख्य ड्रायव्हर कष्टाळू, सरळ माणसं असतात. पण मागच्या सीटवरची मुलगी ते तपासून बघू शकत नाही, ते काम कुणीतरी आधी केलेलं असावं लागतं.

आता तुमच्या भावाचं. हातातल्या फोनसाठी त्याच मानकांत पाच वर्षांचा काळ दिलाय. दारू पिऊन गाडी चालवली असेल तर सात, मारहाणीला दहा, आणि लैंगिक गुन्ह्याला बॅज नाहीच. ही मुदत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, काउन्सिलला प्रत्येक प्रकरण वेगळं बघावं लागतं आणि कारण देऊन सूटही देता येते. तरी साडेतीन वर्षांवर सूट मिळेल असं मला वाटत नाही. बरीच काउन्सिलं फिक्स्ड पेनल्टीलाही (कोर्टात न जाता भरलेल्या ठरावीक दंडाला) कोर्टातल्या शिक्षेसारखंच धरतात.

माझा सल्ला असा की त्याने थांबावं. नकार मिळाला तर तो राष्ट्रीय नोंदवहीत जातो. इंग्लंडमध्ये २०२३ पासून ती बघणं प्रत्येक काउन्सिलला सक्तीचं आहे, त्यामुळे दुसऱ्या गावात अर्ज केला तरी आधीचा नकार समोर येतोच. गुन्ह्याला चार वर्षं झाली की ते पॉइंट लायसन्सवरून निघून जातील आणि मित्रमंडळी म्हणतील, आता लिहायची गरज नाही. तेव्हा त्यांचं ऐकू नका. फॉर्म विचारत असेल तर लिहायचं, तारखेसकट.

दरम्यान त्याने आपल्या काउन्सिलच्या वेबसाइटवरचं धोरण नीट वाचावं, कारण प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. भारतात राहिलेल्या काळासाठी पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात का ते विचारून घ्यावं. ते लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयामार्फत मिळतं आणि वेळ खातं. आणि दंडाची ती नोटीस अजून घरात कुठे असेल तर आधी तिच्यावरची तारीख बघायला सांगा. पाच वर्षं साधारण तिथून मोजायची.